कोणती गाडी कुठे थांबते

‘श्रीसाईसच्चरिता’चे कर्ते गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजेच हेमाडपंत, १९१० साली पहिल्यांदा शिर्डीला निघाले, तेव्हा त्यांची गाडी चुकता चुकता राहिली. वांद्र्याहून लोकलने दादरला उतरायचे आणि तिथे मनमाडकडे जाणारी मेल धरायची, असा त्यांचा बेत होता. लोकलमध्ये एका अनोळखी मुसलमान गृहस्थाने त्यांना सावध केले : मेल दादरला थांबत नाही, थेट बोरीबंदर गाठा. दाभोलकरांनी ऐकले, म्हणून मेल मिळाली. भाविक या प्रसंगात साईबाबांची योजना पाहतात. त्यांच्याशी वाद घालण्याचे मला कारण नाही. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सरकारी नोकरीत मुरलेल्या, शिकल्यासवरल्या मुंबईकरालाही मेल कुठे थांबते आणि कुठे थांबत नाही, हे ठाऊक नव्हते.

शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी साईनगर शिर्डी स्थानकाच्या चौकशी खिडकीपुढे आजही तेच प्रश्न कानी पडतात. ही एक्सप्रेस की सुपरफास्ट? कोपरगावला थांबते का? जनरलचे तिकीट हिला चालते का? ‘स्पेशल’ लिहिले आहे म्हणजे काय स्पेशल आहे? रोज कोट्यवधी माणसे रेल्वेने हिंडतात, पण ज्या गाडीत आपण बसलो आहोत ती कोणत्या जातकुळीची, तिचे भाडे तेवढेच का, ती मधल्या स्थानकावर का रखडली आणि शेजारून दुसरी का निघून गेली, हे सांगणारे पुस्तक मराठीत सहजी हाती लागत नाही. इंजिनांवर लिहिले जाते, घाटांवर आणि पुलांवर लिहिले जाते. प्रवाशाचा खरा संबंध येतो तो गाडीच्या प्रकाराशी, आणि तोच विषय बाजूला राहतो.

हे पुस्तक शिर्डीतून निघत आहे, याला कारण आहे. शिर्डीला रेल्वे फार उशिरा आली. मुंबईहून पुणेमार्गे आणि नाशिकमार्गे जाणाऱ्या दोन मोठ्या वाटांना जोडणारा दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. तो जवळच्या कोपरगाव-पुणतांब्यावरून गेला आणि शिर्डी बाजूला राहिली. बाबांच्या हयातीत आणि त्यानंतर कितीतरी दशके लोक कोपरगावला किंवा मनमाडला उतरून तांगा, एसटी, जीप धरत. पुणतांब्याहून सतरा-एक किलोमीटरचा फाटा टाकून साईनगर शिर्डी स्थानक सुरू झाले ते २००९ मध्ये. उशिरा आलेल्या या स्थानकाने मात्र थोड्या वर्षांत रेल्वेचे जवळजवळ सगळे नमुने पाहिले. मुंबईची फास्ट पॅसेंजर, मनमाडमार्गे दादरची सुपरफास्ट, काकीनाडा, म्हैसूर, चेन्नई, हावडा अशा दूरदूरच्या एक्सप्रेस. जून २०२२ मध्ये कोइमतूरहून निघून इथे पोचली ती ‘भारत गौरव’ योजनेतली देशातली पहिली गाडी, खासगी चालकाने रेल्वेकडून भाड्याने घेऊन चालवलेली. आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारत.

दुपारी बाराच्या सुमारास फलाटावर उभे राहिले की हा सगळा संसार एका नजरेत येतो. वंदे भारतची दारे आपोआप सरकतात, खाली पायरी येते, चाकांची बॅग ओढत माणसे उतरतात आणि मोबाइलवर बोलतच बाहेर पडतात. दक्षिणेची एखादी एक्सप्रेस लागली तर दृश्य निराळे : खिडकीच्या गजांना वाळत घातलेला टॉवेल, दारात रचलेल्या पोतड्या, तिरुपतीला केस उतरवून आलेली मुले, आणि गाडी थांबण्याआधीच तिच्या मागे तेलुगूत भाव सांगत धावणारे आपले मराठी रिक्षावाले. दोन्ही गाड्यांतली माणसे एकाच दर्शनाच्या रांगेत उभी राहणार आहेत. तिथवर पोचण्याच्या त्यांच्या तऱ्हा मात्र कोणीतरी कधीतरी कागदावर ठरवलेल्या आहेत. हे पुस्तक त्या कागदांविषयी आहे.

गाड्यांची वर्गवारी तीन तऱ्हांनी करता येते. वेगावरून, डब्यातल्या सोयीवरून आणि थांब्यांवरून. रेल्वे स्वतः वेगावर भर देते. ब्रॉडगेजवर सरासरी ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने जाणारी ती सुपरफास्ट, अशी सरकारी व्याख्या आहे, आणि त्यासाठी साध्या दुसऱ्या वर्गाला १५ रुपयांपासून वातानुकूलित पहिल्या वर्गाला ७५ रुपयांपर्यंत अधिभार लागतो. गाडी उशिरा पोचली तरी अधिभार परत मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको. माझ्या मते या तिन्हींत थांबा हीच खरी खूण. मोठ्या गाडीचा दोन मिनिटांचा थांबा, आधी वेग उतरवणे आणि नंतर पुन्हा पकडणे धरून, प्रत्यक्षात पाच-सात मिनिटे खातो. म्हणून जलद गाडीचा वेग बव्हंशी गाळलेल्या स्थानकांतून येतो. मुंबई-शिर्डी वंदे भारत सुरू झाली तेव्हा मधे थांबे होते फक्त दादर, ठाणे आणि नाशिक रोड. सुमारे ३४० किलोमीटर सव्वापाच-साडेपाच तासांत म्हणजे सरासरी ताशी पासष्टच्या आतबाहेर. आकड्यात हा काही डोळे दिपवणारा वेग नव्हे. पण मनमाड, येवला, कोपरगाव गाळल्यामुळे तो शक्य होतो. जपानने १९६४ साली शिंकानसेन सुरू केली तेव्हा ही गोष्ट न लपवता सांगितली होती : एकाच रुळावरून धावणारी ‘कोदामा’ प्रत्येक स्थानकावर थांबते आणि ‘हिकारी’ मोजक्याच. नाव वाचले की प्रवाशाला थांबे कळतात. आपल्याकडे नावावरून बहुधा ती कोणत्या रेल्वेमंत्र्याच्या काळात निघाली एवढेच कळते!

गाड्यांच्या वर्गवारीची ही परंपरा समजायला थोडे मागे जावे लागते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी धावली तेव्हा भेद वर्गांचा होता, गाड्यांचा नव्हता. मार्ग लांबले तशी टपाल वाहणारी मेल वेगळी झाली. टपाल वेळेवर पोचायला हवे म्हणून तिला वाट मोकळी करून द्यायची, बाकीच्यांनी साइडिंगला उभे राहायचे. मेलचा रुबाब मूळचा टपालाच्या पिशव्यांचा. १९१२ साली निघालेली पंजाब मेल ही त्या घराण्यातली, बॅलार्ड पिअरवर बोटीतून उतरलेल्या साहेबाला थेट वायव्य सरहद्दीकडे नेणारी. टपालाचा रुबाब गेला, मेल आणि एक्सप्रेस यांच्यात आज व्यवहारात काही फरक उरलेला नाही, पण नावे टिकली. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन आली. ही हौसेची गाडी, घोड्यांच्या शर्यतींना पुण्याला जाणाऱ्यांची. तिला तिसरा वर्ग लागला तो १९५५ मध्ये. पुण्याच्या माणसाला डेक्कन क्वीनचा अभिमान फार, पण पहिली पंचवीस वर्षे साधा पुणेकर तिच्याकडे फलाटावरूनच पाहत होता, हेही लक्षात असावे.

त्याच काळात दुसरी एक शाखा वाढत होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (बोरीबंदर)-कुर्ला विजेची लोकल सुरू झाली आणि ‘फास्ट’, ‘स्लो’, ‘डबल फास्ट’ अशी स्वतंत्र परिभाषा मुंबईने घडवली. ग्रामीण भागात १८९७ पासून बार्शी लाइट रेल्वेने, पुढे माथेरानच्या आणि यवतमाळ-मूर्तिजापूरच्या छोट्या गाड्यांनी अरुंद रुळांवर संसार मांडला. या शाखांवर स्वतंत्र ग्रंथ होतील. इथे त्या नकाशाच्या कडेला आहेत.

तिसरा वर्ग हा या इतिहासातला सर्वांत दाट भाग, आणि त्यात आपल्या नगर जिल्ह्याचा एक धागा आहे. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या हालांवर एक पुस्तिकाच लिहिली. स्वातंत्र्य आले, तरी लाकडी पट्ट्यांचे बाक तसेच राहिले. रात्रभर त्या पट्ट्यांवर आडवे झाले की सकाळी पाठीवर त्यांचे वळ उमटत. फटींतल्या ढेकणांचा हिशेब निराळा. १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द झाल्याचे जाहीर झाले. झाले एवढेच की तिसऱ्याला दुसरा म्हणू लागले, बाक तेच. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांचा जन्म अहमदनगरचा. दुसऱ्या वर्गाच्या शयनयान बर्थवर दोन इंच फोम बसवायचा निर्णय त्यांनी घेतला, आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस एकाच वर्गाची गाडी म्हणून सुरू केली. दोन इंच म्हणजे बोटांच्या दोन-तीन पेरांएवढी जाडी. पण भारतीय रेल्वेच्या प्रवासी इतिहासात त्याहून मोठी सुधारणा मला दुसरी दाखवता येत नाही. राजधानीने हजारोंचा प्रवास सुखाचा केला, त्या फोमने कोट्यवधींचा. दंडवत्यांचे नाव आज कोकण रेल्वेशी जोडले जाते आणि ते रास्तच आहे. पण नगर जिल्ह्याने तरी त्यांचा बर्थही आठवावा.

गीतांजलीच्या या निर्णयातून दोन विचारधारा स्पष्ट दिसू लागतात, आणि आजवरच्या सगळ्या नव्या गाड्या या ना त्या बाजूला मांडता येतात. एक धारा म्हणते : गाडी एक असावी, तिच्यात सगळ्यांना जागा असावी. साधी मेल-एक्सप्रेस ही त्या विचाराची. तिच्यात एसी आहे, स्लीपर आहे, दोन्ही टोकांना जनरल डबा आहे. श्रीमंत आणि गरीब वेगवेगळ्या भाड्यात, पण एकाच वेळी पोचतात. दुसरी धारा म्हणते : ज्याची त्याची गाडी वेगळी. मार्च १९६९ मध्ये दिल्ली-हावडा राजधानी निघाली, १९८८ मध्ये शताब्दी. गरिबांसाठी वेगळे म्हणून २००२ मध्ये जनशताब्दी, २००६ मध्ये गरीब रथ, पुढे अंत्योदय. २००९ मध्ये दुरांतो निघाली ती मधे थांबायचेच नाही म्हणून. प्रत्यक्षात चालक बदलायला, पाणी भरायला ती थांबत असे, दार उघडत असे, पण त्या गावच्या माणसाला तिचे तिकीट मिळत नसे. हा प्रकार लोकांना पटला नाही आणि यथावकाश दुरांतोला थांबे मिळाले. आज वंदे भारत पूर्ण वातानुकूलित आणि २०२३ च्या अखेरीस आलेली अमृत भारत बिनएसीची, अशी जोडी आहे. दोन्ही गाड्या आपापल्या जागी चांगल्या आहेत.

माझा कल पहिल्या धारेकडे आहे, हे लपवत नाही. गाड्या वेगळ्या झाल्या की एक गाडी दुसरीसाठी बाजूला उभी राहते, आणि कोणती उभी राहणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. दौंड-मनमाड मार्ग कैक वर्षे एकेरी होता. झेलम, गोवा एक्सप्रेस, कर्नाटक एक्सप्रेस याच वाटेने उत्तर-दक्षिण धावतात. त्यांच्या क्रॉसिंगसाठी लहान स्थानकावर पॅसेंजर अर्धा-पाऊण तास उभी, आत दुधाच्या रिकाम्या किटल्या, कॉलेजची पोरे, बाजारची बाई. ‘क्रॉसिंग आहे’ एवढेच उत्तर. मार्गाचे दुहेरीकरण होईल तसा हा त्रास कमी होईल. पण कोणाला आधी सोडायचे, हा प्रश्न दुहेरी मार्गावरही उरतोच.

यंत्रविद्येने या वादात नवी भर घातली आहे, तीही समजून घ्यावी. कसारा घाट ३७ फुटांना एक फूट असा चढतो. नेहमीची गाडी कसाऱ्याला थांबते, मागून बँकर इंजिने येऊन टेकतात, सगळ्या डब्यांतून एक हलका धक्का जातो, हातातला चहा हिंदकळतो, मग पुढून ओढ आणि मागून ढकल असे करत गाडी इगतपुरीला चढते. वंदे भारतला स्वतंत्र इंजिन नाही. एकाआड एक डब्यांखाली मोटारी आहेत, त्यामुळे ती बँकरशिवाय घाट चढते. सोळा डबे, ११२८ आसने. म्हणजे नव्या गाडीचा फायदा कमाल वेगापेक्षा झटकन वेग पकडण्यात आणि थांबण्यात आहे. ज्या गाडीला थांबणे सर्वांत स्वस्त पडते, तिलाच सर्वांत कमी थांबे द्यावेत, हे मला उलटे वाटते. हीच यंत्रणा मेमू या विजेच्या लोकलसारख्या गाडीत असते, आणि मेमू प्रत्येक स्थानकावर थांबते. डब्यांची गोष्टही अशीच : पेरांबूरच्या निळ्या आयसीएफ डब्यांच्या जागी जर्मन बनावटीचे लाल एलएचबी डबे आले, ते अपघातात सहसा एकमेकांवर चढत नाहीत. प्रवाशाच्या जिवाच्या दृष्टीने हा बदल नव्या नावाच्या कुठल्याही गाडीपेक्षा मोठा. पण त्याला फीत कापावी लागत नाही, म्हणून तो बातमीत आला नाही.

हा विषय आताच का, असे कोणी विचारील. पॅसेंजर नावाचा प्रकार आपल्या डोळ्यांदेखत विरत चालला आहे, म्हणून. शिर्डीचेच उदाहरण घ्या. मुंबईहून रात्री एक फास्ट पॅसेंजर निघायची. तिच्यात शिर्डीचे डबे असत आणि पंढरपूर-विजापूरकडचेही. दौंडला गाडी तुटायची, विठोबाकडची माणसे एका वाटेने, साईबाबांकडची दुसऱ्या. झोपेत चुकीच्या डब्यात राहिलेला माणूस सकाळी भलत्याच देवाच्या दारी, असा विनोद तेव्हा चाले. आता त्या जागी शिर्डीला एक्सप्रेस येते. एक्सप्रेस झाली म्हणजे भाडे वाढले आणि लहान थांबे गळाले. करोनाकाळात गाड्या ‘स्पेशल’ म्हणून सुरू झाल्या, पॅसेंजरचे किमान भाडे दहा रुपयांचे तीस झाले, आणि ते पुन्हा दहावर आले २०२४ च्या फेब्रुवारीअखेर. दुधाच्या किटलीमागे वीस रुपये म्हणजे काय, हे पुणतांब्याच्या शेतकऱ्याला विचारावे. २०१७ च्या शेतकरी संपाचे गाव ते, हिशेब त्यांना पक्का येतो.

गाडीच्या क्रमांकातही हे सगळे लिहिलेले असते. डिसेंबर २०१० पासून क्रमांक पाच आकडी झाले. पहिला आकडा १ किंवा २ असेल तर लांब पल्ल्याची, ५ असेल तर पॅसेंजर, ६ म्हणजे मेमू, ७ म्हणजे डिझेलवरची डेमू, ९ म्हणजे मुंबईची लोकल, आणि ० म्हणजे स्पेशल. शून्य दिसले की भाडे विचारूनच चढावे.

गाड्यांचे प्रकार माहीत नसणे जिवावरही बेतू शकते. मे २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांना गावी नेणारा श्रमिक स्पेशल हा प्रकार निघाला. नाशिक रोडहून अगदी पहिल्याच दिवसांत भोपाळ आणि लखनौच्या गाड्या सुटल्या. ८ मे रोजी पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून ते भुसावळकडे श्रमिक गाडी गाठायला चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत असे त्यांनी ऐकले होते. बंद होत्या त्या नेहमीच्या प्रवासी गाड्या. मालगाड्या चालू होत्या. तो फरक त्यांना कोणी सांगितला नव्हता.

निराश करणारेच चित्र आहे असे नाही. अहमदनगरहून आष्टीपर्यंत सप्टेंबर २०२२ मध्ये डेमू धावू लागली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वे बीडला पोचली. ज्या बीड जिल्ह्याने पिढ्यान् पिढ्या रेल्वेसाठी निवेदने दिली, तिथल्या मुख्यालयाच्या स्थानकात पहिली गाडी आली ती साधी, सगळीकडे थांबणारी. नव्या मार्गाला आधी अशीच गाडी लागते.

आता या पुस्तकाविषयी. हे इंजिनप्रेमींचे पुस्तक नाही आणि वेळापत्रकही नाही. मालगाड्या यात नाहीत. गाड्यांची मांडणी संपादकांनी जाहिरातीतल्या नावांवरून केलेली नाही. ही गाडी कोणासाठी थांबते, कोणाला बसवते आणि कोणाकडून किती घेते, या तीन प्रश्नांवर केली आहे. त्यामुळे एरवी शेजारी न दिसणाऱ्या गाड्या इथे एकत्र सापडतील : आषाढीची पंढरपूर स्पेशल आणि भारत गौरव, पासधारकांची पंचवटी एक्सप्रेस आणि मुंबईची लेडीज स्पेशल. भर महाराष्ट्रावर आहे, कारण लिहिणारे इथले आहेत. देशाचे चित्र जिथे लागते तिथेच घेतले आहे. सरळ पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. आपण नेहमी ज्या गाडीने जातो तिच्यापासून सुरुवात करावी, मग जी आपल्या गावाला थांबत नाही तिच्याकडे वळावे. काही मतांशी मी सहमत नाही. गरीब रथाला संपादकांनी जे गुण दिले आहेत ते मला जास्त वाटतात. पण माहिती चोख आहे, आणि भाषा फलाटावरची आहे.

दोन सूचना. भाडी, वेळा आणि थांबे बदलत राहतात, म्हणून प्रवासाला निघताना या पुस्तकावर विसंबू नये. १३९ वर विचारावे. आणि ज्यांच्या घरी जुनी छापील वेळापत्रके, पुठ्ठ्याची तिकिटे, बंद झालेल्या पॅसेंजरचे पास किंवा फलाटावरची छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. पुढच्या आवृत्तीसाठी त्यांची एक प्रत प्रकाशकांकडे पाठवावी, सोबत गाडीचे नाव, साल आणि ती तुमच्या गावाला किती मिनिटे थांबत असे, एवढे लिहून.